जखमेला काय लावायचं? खान्देशातल्या घरा-शेतातून प्रथमोपचाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रावेर-यावलकडे केळीचा घड कापताना कोयता निसटतो, चोपड्याकडे कडबाकुट्टीत बोट जातं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्याचा दोर तुटतो, खापरावर मांडे करताना मनगट भाजतं. दर वेळी घरातून पहिला प्रश्न येतो तो "काय लावू?" बहुतेक गैरसमज या प्रश्नातच दडलेले आहेत. पहिल्या अर्ध्या तासात जखमेला लावण्यासारखं फार थोडं असतं. धुणं, दाबून धरणं आणि हलू न देणं एवढ्यावर बरंच भागतं, पुढचं काम दवाखान्याचं. ज्या चुकीने हात, पाय किंवा जीव जातो तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. रुग्णवाहिकेसाठी 108 लावा. पोलीस, अग्निशमन किंवा काय हवं तेच कळत नसेल तर 112.

भाजल्यावर टूथपेस्ट लावली की लगेच थंड वाटतं. मग ती लावू नका असं का सांगतात?

थंड वाटतं ते पेस्टमधल्या पुदिन्याच्या अर्कामुळे. कातडीचं तापमान त्याने उतरत नाही. चटका बसून गेला तरी कातडीत शिरलेली उष्णता आणखी काही मिनिटं खाली मुरत असते, आणि पेस्ट, तूप, खोबरेल किंवा हळदीचा लेप तिच्यावर झाकण घालतो. शिवाय भाजणं किती खोल आहे हे पाहण्यासाठी दवाखान्यात तो लेप घासून काढावा लागतो. लहान मुलांचे त्यात फार हाल होतात. शाई, ठेचलेला बटाटा, अंड्याचा बलक यांचीही गत तीच.

करायचं ते असं. भाजलेल्या भागावर वाहतं थंड पाणी घड्याळ लावून 20 मिनिटं सोडायचं. दोन मिनिटांनी आग कमी वाटते आणि लोक नळ बंद करतात, तिथेच नुकसान होतं. ताबडतोब जमलं नाही तरी भाजल्यापासून 3 तासांच्या आत हे केलं तर उपयोग होतो. पाणी सुरू असतानाच बांगड्या, अंगठ्या, घड्याळ, पैंजण उतरवून घ्या, कारण तासाभरात सूज चढते आणि मग ते कापावे लागतात. जळालेला कपडा सुटा असेल तर काढा. नायलॉनची साडी किंवा टेरिकॉट कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, भोवतीचा कपडा कात्रीने कापून घ्या.

मे महिन्यात दुपारी आमच्या नळाला चटका बसेल इतकं गरम पाणी येतं. तेच वापरायचं का?

नाही. भुसावळ-जळगावात पारा 44-45 अंशांवर गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी भाजलेल्या कातडीवर घालण्यालायक राहत नाही. माठातलं, रांजणातलं किंवा जमिनीखालच्या हौदातलं पाणी घ्या आणि तांब्याने सावकाश धार धरा. पाणी कमी असेल तर हात-पाय बादलीत बुडवून ठेवला तरी चालतो. खाली घमेलं ठेवून तेच पाणी पुन्हा ओतलं तरी हरकत नाही, फक्त ते कोमट होऊ देऊ नका. फ्रीजचा बर्फ मात्र नको. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि अर्धवट वाचलेली कातडीही मरते. लहान मूल जास्त भाजलं असेल तर भाजलेला भाग तेवढा थंड करा, बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर मूल गारठून दगावू शकतं.

फोड फोडला की लवकर सुकतं ना?

फोडावरची कातडी हीच त्या जागेची सर्वात चांगली पट्टी आहे. ती फाडली की उघड्या मांसाला धूळ आणि जंतू मिळतात. फोड आपोआप फुटला तर साबणाच्या पाण्याने हलक्या हाताने धुवून स्वच्छ, सुती, धुतलेल्या कापडाने सैल झाका. स्वयंपाकघरातला पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद असेल तर त्याचा पहिला वेढा फेकून पुढचा तुकडा लांबीने पसरवून ठेवा, हाताभोवती गुंडाळू नका.

जखमी माणसाचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण 1 टक्का. मोठ्या माणसाचं अंग असे पंधरा तळहात आणि मुलाचं दहा तळहात भाजलं असेल तर घरी थांबूच नका. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जांघ भाजली असेल तर आकार लहान असला तरी दाखवा. आणि पांढरट किंवा काळपट पडलेली, अजिबात न दुखणारी जागा "बरी आहे" म्हणून सोडू नका. ती दुखत नाही, कारण तिथल्या नसाच जळलेल्या असतात.

भाजलेल्यावर केळीचं पान गुंडाळतात असं ऐकलं. आमच्याकडे तर केळीच केळी आहे.

ऐकलं ते अर्धं खरं. काही जळीत कक्षांमध्ये केळीच्या पानाची पट्टी वापरतात, कारण ते मेणचट असतं, जखमेला चिकटत नाही आणि पट्टी बदलताना रडारड कमी होते. पण ती पानं निर्जंतुक करून घेतलेली असतात. बागेतून तोडलेल्या पानावर फवारणीचं औषध आणि धूळ असते, पक्ष्यांची विष्ठाही असते. ते ताज्या भाजल्यावर ठेवणं धोक्याचं आहे.

कापल्यावर हळद दाबायची, हे तर आजीपासून चालत आलंय. त्यात काय चूक?

हळदीत जंतू रोखणारे गुण आहेत, हे कोणी नाकारत नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. हळद दाबली की रक्त थांबतं असं वाटतं, प्रत्यक्षात ते थांबतं तुमच्या दाबाने. नंतर टाके घालायचे तर ती हळद खोलवरून धुवून काढावी लागते. गोठलेलं रक्त त्यासोबत सुटतं आणि जखम पुन्हा वाहायला लागते. पिवळ्या थरामुळे जखमेच्या कडा लाल होत आहेत का, तेही दिसत नाही. चुना, तंबाखू, विडीची राख, कॉफी आणि बांधावरची माती ही हळदीपेक्षा कितीतरी वाईट. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात.

खास आपल्याकडचा आणखी एक प्रकार म्हणजे बोंडातला ताजा कापूस जखमेवर ठेवणं. त्यात पाल्याचा कचरा आणि फवारणीचा अंश असतो. अगदी औषधाच्या दुकानातला कापूसही थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू रक्तात रुततात आणि काढताना खपली घेऊन येतात. आधी गॉज किंवा सुती कापड, त्यावर हवा तर कापूस.

मग रक्त थांबवायचं कसं?

स्वच्छ रुमाल, पंचा, उपरणं, जे हाताशी असेल ते घडी करून थेट जखमेवर ठेवा आणि तळहाताने जोर लावून 10 मिनिटं सलग दाबा. सलग हा शब्द महत्त्वाचा आहे. थांबलं का हे बघायला दर मिनिटाला फडकं उचललं तर नुकतीच धरलेली गाठ दर मिनिटाला तुटते. रक्त कापडातून वर आलं तर पहिलं कापड तसंच ठेवून त्यावर दुसरं ठेवा आणि जोर वाढवा. दोन कापडं भिजूनही वाहत असेल तर बहुतेक वेळा तुमचा दाब नेमक्या जागी नाही. अशा वेळी एकदाच सगळं काढून, रक्त कुठून येतं ते पाहून, तिथेच बोटांनी दाबा. माणसाला आडवं झोपवा. पाणी, चहा, सरबत देऊ नका, कारण शस्त्रक्रिया करावी लागली तर पोटात काही नसलेलं बरं.

थोडं खरचटलं, चिरलं असेल तर पिण्याचं पाणी धार धरून पाच मिनिटं ओता आणि भोवतीची कातडी साबणाने धुवा. जखमेत थेट डेटॉल, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. फेस येतो, झोंबतं, आणि त्यालाच "औषध लागतंय" असं समजलं जातं. जंतूंसोबत जखम भरून काढणाऱ्या पेशीही त्यात मरतात.

वर दोरीने घट्ट आवळलं तर रक्त लवकर थांबत नाही का?

साध्या जखमेत दोरी, तार, नाडा आवळणं हा हात गमावण्याचा रस्ता आहे. बारीक दोरी मांसात रुतते, खालच्या नसा चिरडते आणि पुष्कळदा रक्त थांबवतही नाही. अर्धवट आवळलं तर अशुद्ध रक्त परत जायचं थांबतं, शुद्ध रक्त मात्र येत राहतं आणि जखम जास्तच वाहते.

पण "आवळपट्टी कधीच नको" हाही गैरसमजच. थ्रेशरमध्ये हात सापडला, मांडीतून रक्त उडतंय आणि जोराने दाबूनही थांबत नाही, अशा वेळी आवळपट्टीच जीव वाचवते. त्यासाठी किमान 4-5 सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या. ओढणी किंवा उपरण्याची घडी चालते. जखमेच्या वर 5 ते 7 सेंटीमीटरवर बांधा, कोपर-गुडघ्याच्या सांध्यावर नको. एक गाठ मारा, तिच्यावर मजबूत लाकडी काडी ठेवून दुसरी गाठ मारा आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत काडी पिळा, मग ती बांधून टाका. खूप दुखेल, दुखायलाच हवं. बांधल्याची वेळ कपाळावर किंवा हातावर पेनाने लिहा. "थोडं सैल करून रक्त जाऊ देऊ" असं वाटेत करू नका. सैल सोडल्यावर तेवढं रक्त पुन्हा जातं. ती सोडणं हे डॉक्टरांचं काम.

कुट्टीत सालदाराचं बोट तुटलं. बोट बर्फात टाकून न्यायचं ना?

थेट बर्फात टाकलं तर ते गोठून मरतं आणि पुन्हा जोडता येत नाही. पाण्यात, दुधात बुडवलं तर पेशी फुगतात. आधी माणूस, मग बोट. यंत्राची वीज तोडा, जखम दाबून धरा. हात पात्यात अडकला असेल तर यंत्र उलटं फिरवून ओढू नका, मिस्त्रीला बोलावून पाती सोडवा.

तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने एकदा हलकं धुवा, घासू नका. स्वच्छ कापड सलाइनमध्ये किंवा पिण्याच्या पाण्यात ओलं करून घट्ट पिळा आणि त्यात बोट गुंडाळा. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. ही पिशवी बर्फ आणि पाणी भरलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. त्यावर नाव आणि अपघाताची वेळ लिहा. असं थंड ठेवलेलं बोट कित्येक तास टिकतं. कोपराच्या वर हात तुटला असेल तर स्नायू फार लवकर मरतात, तिथे पहिले सहा तास मोलाचे. बोट जोडण्याची सूक्ष्म शस्त्रक्रिया प्रत्येक ठिकाणी होत नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरण्यातच वेळ जातो. बोट कातडीच्या एका धाग्यावर लटकत असलं तरी तो धागा तोडू नका.

गंजलेला खिळा लागला तरच धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं, बरोबर?

गंजाचा काही संबंध नाही. धनुर्वाताचा जंतू माती, शेण आणि धुळीत बीजरूपात वर्षानुवर्षं राहतो. खोल आणि हवा न लागणारी जखम त्याला सोयीची असते. बाभळीचा काटा, वखराची पास, बैलाचं शिंग, गोठ्यातला पत्रा, सगळं सारखंच. पूर्वी ज्याला टीटी म्हणत त्याऐवजी आता सरकारी केंद्रात टीडी देतात. त्यात घटसर्पाविरुद्धचीही लस असते. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर स्वच्छ जखमेसाठी शेवटचा डोस 10 वर्षांपेक्षा जुना असल्यास आणि मातीच्या जखमेसाठी 5 वर्षांपेक्षा जुना असल्यास पुन्हा घ्यायचा. प्रत्येक खरचटण्याला दर सहा महिन्यांनी घेण्याची गरज नाही. ज्यांना लस कधी मिळालीच नाही, त्यांना घाण जखमेसाठी प्रतिद्रव्याचं वेगळं इंजेक्शनही लागतं. "24 तास उलटले, आता घेऊन काय उपयोग" असंही म्हणू नका. उशिरा का होईना, घ्या. आणि इंजेक्शन घेतलं म्हणून जखम न धुता सोडली तर ती पिकणारच.

पान लागलं, म्हणजे साप चावला, तर वर घट्ट बांधून, चिरा देऊन विष काढायचं का?

तिन्ही गोष्टी करू नका: बांधणं, चिरणं, चोखणं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. विष मांसात टोचलं जातं आणि लगेच पसरू लागतं. चिरा देऊन ते बाहेर येत नाही. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, मग तुम्ही दिलेली चीरच वाहत राहते. घट्ट बांधलेल्या पायात विष एकवटतं आणि तो पाय सडतो. कोणी आधीच बांधून आणलं असेल तर वाटेत सोडू नका. एकदम सोडलं की साचलेलं विष एका वेळी अंगात जातं. डॉक्टरांसमोर, औषध तयार असताना सोडा.

माणसाला झोपवा, धीर द्या. जोडवी, पैंजण, अंगठ्या काढा. चावलेल्या हाता-पायाला मोडलेल्या हाडासारख्या पट्ट्या लावून स्थिर करा. चालू देऊ नका, कारण स्नायू हलले की विष वेगाने चढतं. 108 ला वेळ लागणार असेल तर मोटरसायकलवर चालवणारा, मधे रुग्ण आणि मागे धरणारा, असं बसवून निघा. चावल्याची वेळ लक्षात ठेवा, आणि डोळे जड होणं, बोबडी वळणं, हिरड्यांतून रक्त अशी लक्षणं केव्हा सुरू झाली तेही.

सापाला मारून आणू नका. त्यात दुसऱ्याला दंश होतो, मेलेल्या सापाचं डोकंही काही काळ चावू शकतं. भारतात मिळणारी प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर एकच आहे, आणि डॉक्टर लक्षणांवरून ती ठरवतात. लहान मुलालाही मोठ्यांइतकीच मात्रा द्यावी लागते, कारण सापाने विष वय पाहून कमी टोचलेलं नसतं.

पण भगताकडे, म्हणजे मंत्राने विष उतरवणाऱ्याकडे, नेलेले लोकही बरे होतात.

होतात, आणि म्हणूनच हा समज टिकून आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी काही वेळा विष टोचलंच जात नाही. ती माणसं काहीही न करता वाचली असती. उरलेल्यांसाठी मात्र भगताकडचे दोन तास हेच औषधाचे दोन तास असतात. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भगताला मान आहे. तिथे त्याच्याशी वाद घालून काही साधत नाही. "मंत्र गाडीत म्हणा, गाडी थांबवू नका" असं म्हटलं तर पुष्कळ वेळा ऐकलं जातं. कडुनिंबाचा पाला खाऊन कडू लागतो का, ही परीक्षा निरर्थक आहे.

मण्यारीबद्दल वेगळं सांगितलंच पाहिजे. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज नाही, कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. "अपचन झालं" म्हणून ओवा देत बसलेल्या घरात सकाळपर्यंत श्वास थांबलेला असतो. पावसाळ्यात पापण्या जड आणि पोटात दुखतंय, तर खूण शोधत बसू नका.

विंचू चावला. दुखणं भयंकर आहे म्हणजे विष फार चढलं का?

दुखणं आणि धोका बरोबर चालत नाहीत. नुसतं दुखत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ आणि दवाखान्यातलं बधिर करणारं इंजेक्शन पुरतं. धोका ओळखायचा तो दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हात-पाय, धडधड आणि पुढे फेसाळ खोकला यांवरून. लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलं जास्त दगावतात. यावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिला आणि मृत्यू फार कमी झाले. ती गोळी डॉक्टरांनी रक्तदाब पाहून द्यायची असते.

कुत्रं चावलं तर तिखट भरायचं? आणि कुत्रं दहा दिवस जगतं का ते बघून लस घ्यायची?

तिखट, चुना, तेल काहीही नाही. नळाखाली साबणाने 15 मिनिटं धुवा. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, त्यामुळे हे धुणं म्हणजे अर्धा उपचारच आहे. जखम घरी बांधू नका. लस त्याच दिवशी सुरू करा. कुत्रं पाळीव असेल आणि दहा दिवसांनी धडधाकट असेल तर पुढचे डोस थांबवता येतात, पण वाट पाहून सुरुवात करता येत नाही. पोटात चौदा इंजेक्शनं हा इतिहास झाला. आता दंडाच्या स्नायूत 0, 3, 7, 14, 28 या दिवशी पाच वेळा, किंवा कातडीत 0, 3, 7, 28 या दिवशी देतात. रक्त आलं असेल तर जखमेतच प्रतिद्रव्याचं इंजेक्शनही लागतं. ते "महाग आहे, नुसती लस पुरे" म्हणून सोडू नका, कारण लसीचा परिणाम दिसायला आठ-दहा दिवस लागतात. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही.

हात हलतोय, म्हणजे हाड मोडलं नाही ना?

हाड मोडूनही बोटं हलतात, आणि काही जण मोडक्या पायाने घरापर्यंत चालत येतात. सूज, वाकडेपणा आणि एका ठरावीक जागी बोट ठेवताच कळ, एवढं असेल तर मोडलंय असं धरून चाला आणि एक्स-रे काढा.

हाडवैद्याकडे ओढून घेणं, चोळणं आणि बांबूच्या पट्ट्या करकचून बांधणं यातून सर्वात जास्त नुकसान होतं ते मुलांच्या कोपराचं. आत सूज वाढते, बाहेर पट्टी सैल होत नाही, रक्त पोहोचत नाही. औषध घेऊनही वाढतच जाणारं दुखणं, बोटं ताणल्यावर किंकाळी, मुंग्या, थंड निळसर बोटं असं काही दिसलं तर पट्टी तत्क्षणी सोडा आणि निघा. काही तासांत स्नायू मरतात आणि हात कायमचा वाकडा होतो.

घरी करायचं ते इतकंच: जसा आहे तसा आधार द्या, सरळ करायला जाऊ नका. पायाला दोन बाजूंनी फळ्या किंवा घडी घातलेली गोधडी लावा, वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे त्यात यायला हवेत. हाताला ओढणीची झोळी. बांधल्यावर नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर बांधलेलं घट्ट आहे. दर 15 मिनिटांनी हे तपासा. हाड बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडाने झाका.

मुरगळल्यावर लगेच गरम शेक आणि तेल चोळणंही चुकीचं. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ, एका वेळी 15-20 मिनिटं, आणि पाय उशीवर उंच.

डोक्याला लागलं, पण रक्त बाहेर आलं. म्हणजे आत साचलं नाही, बरं झालं?

डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून लहान जखमही खूप वाहते. कवटीच्या आत काय चाललंय हे त्यावरून कळत नाही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. आखाजीच्या झोक्यावरून पडलेली पोर क्षणभर बेशुद्ध झाली, मग उठून खेळायला लागली, आणि दोन-तीन तासांनी गुंगली, तर ते आतल्या रक्तस्रावाचं चिन्ह आहे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, एका बाजूला जोर नसणं, फिट येणं, यातलं एकही दिसलं तर डोक्याचं सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणीच जा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तर लक्षण नसतानाही दाखवा.

"झोपू द्यायचं नाही" हा अर्धवट नियम आहे. झोपेने काही बिघडत नाही, बिघडलेलं झोपेत कळत नाही एवढंच. डॉक्टरांनी घरी सोडलं असेल तर झोपू द्या, पहिल्या रात्री दोन-तीन वेळा उठवून नाव आणि गाव विचारा.

नाकाचा घोळणा फुटला की मान मागे टाकायची ना? आणि कांदा हुंगवायचा?

मान मागे टाकली की रक्त घशात आणि पोटात जातं, मग उलटी होते आणि घरचे आणखी घाबरतात. बसवून मान थोडी पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत 10 ते 15 मिनिटं सलग धरा, श्वास तोंडाने. वरचं हाड दाबून उपयोग नाही. कांद्याने काही होत नाही. अर्ध्या तासात थांबलं नाही तर दवाखाना.

मिरची खुडून हातांची आग होते. पाण्याने धुतल्यावर जास्तच पसरते.

नंदुरबारच्या मिरची पथारीवरच्या बायकांना हे पाठ आहे. मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी गोडं तेल चोळा, फडक्याने पुसा, मग भांड्यांच्या साबणाने धुवा, असं दोनदा. डोळ्यात गेली तर तिथे तेल नको, साधं पाणी 15 मिनिटं.

डोळ्यात चुना गेला तर मात्र घाई हवी. मुलं चुन्याची पुडी दाबतात आणि ती डोळ्यात फुटते. चुना बुबुळ आतपर्यंत जाळत जातो. पापणी उलटी करून चुन्याचे कण ओल्या कापडाच्या टोकाने काढा, किमान 30 मिनिटं धार धरा, आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. दूध, तूप, गुलाबपाणी घालण्यात घालवलेली मिनिटं दृष्टीवर बेततात.

मोटरीचा शॉक लागलेल्याला मातीत पुरल्याने वीज उतरते का?

अंगात वीज साठून राहत नाही, शॉकची नाही आणि आकाशातल्या विजेचीही नाही. संपर्क तुटल्यावर त्याला हात लावण्यात धोका नाही. पुरण्यात जातात ती मिनिटं छाती दाबण्याची असतात. आधी स्टार्टर किंवा डीपीचा फ्यूज बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या चपला घालून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. 11 हजार व्होल्टची तुटलेली तार असेल तर 10 मीटरच्या आत जाऊ नका, महावितरणला फोन करून पुरवठा बंद करवा.

प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके येतात, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबा. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेला हात खोल दाबत नाही. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका. शुद्धीवर आलेल्यालाही ईसीजीसाठी न्या. बाहेर दिसणारा डाग रुपयाएवढा असला तरी आतलं मांस जळालेलं असू शकतं.

महामार्गावर अपघात दिसला. उचलून नेलं तर पोलीस मागे लागतील?

सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ घालून मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. गाडी पेटत नसेल तर जखमीला हात-पाय धरून ओढून काढू नका, मान आणि पाठ एका रेषेत धरा. पोटात किंवा मांडीत घुसलेली सळई, काच उपसू नका. तीच रक्तवाहिनी बुचासारखी बंद करून असते. दोन्ही बाजूंनी कापड लावून ती हलणार नाही असं करा.

शेतात प्रथमोपचाराची पेटी ठेवायची तर काय काय?

10 सेंटीमीटर चौकोनी निर्जंतुक गॉजची दहा पाकिटं, 7.5 सेंटीमीटर रुंद पट्टीच्या चार गुंडाळ्या, 10 सेंटीमीटरचे दोन क्रेप बँडेज, त्रिकोणी कापडं दोन, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, हातमोज्यांचे चार जोड, 500 मिलीलिटर सलाइनची बाटली, साबणाची वडी, तोंड बंद होणाऱ्या चार प्लॅस्टिक पिशव्या, बॅटरी, पेन आणि कागद. कागदावर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर, आणि प्रतिसर्पविष लस सर्वात जवळ कुठे असते तेही आधीच विचारून लिहिलेलं. पेटी कुलपात ठेवू नका, आणि ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या पेटीतही नाही. उन्हाळ्यात तिथे चिकटपट्टीचा गोंद वितळतो. खळ्यावरच्या झोपडीत, मुलाचा हात पुरणार नाही अशा खुंटीला टांगा, आणि पोळ्याच्या आणि आखाजीच्या आधी एकदा उघडून मुदत तपासा.